बाबांच्या कानाशी पंच्याहत्तर

आमचे हे लोकांच्या घरी जाऊन आवाज सारखा करून देतात. असा काही धंदा असतो हे ब्याण्णव साली, लग्नाच्या वेळी, मी माझ्या आईला सांगितलं असतं तर तिनं मला तिथूनच परत नेलं असतं. तेव्हा हे खडकी बाजारात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे. आयटीआय झालेले, निर्व्यसनी, बोलायला कमी. आई म्हणाली, "कमी बोलतो तेच बरं. तुझं बोलणं दोघांना पुरेल."

मी बालवाडीची बाई. चाळीस पोरांवरून आवाज न्यायची सवय. हा माझा दोष नाही, पोटापाण्याचा भाग आहे, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं ते लागणार आहे.

तर यांचं नाव सुदर्शन. रेडिओ गेले, काळे-पांढरे टीव्ही गेले, मग केबल आली, मग सीडी आली, आणि दर वेळी हे नवीन काहीतरी शिकून उभे राहिले. दोन हजार सालानंतर कोथरूडकडं आयटीवाल्यांचे फ्लॅट व्हायला लागले आणि प्रत्येकाला घरात थिएटर हवंसं झालं. कोथरूडच्या एका दुकानानं यांना बोलावून घेतलं. पुढं तीन स्पीकर, मागं दोन, आणि कोपऱ्यात तो धडधडणारा डबा. जोडून कोणीही देतं. पण पाचांचे आवाज बसणाऱ्याच्या कानाशी सारखे आले पाहिजेत, नाहीतर मागचा पाऊस पुढच्या माणसाचं बोलणं बुडवतो. ते सारखं करायचं काम यांचं.

यांची पद्धत ठरलेली. घरात शिरले की आधी विचारणार, "इथं कोण कुठं बसतं?" लोकांना वाटतं, हा माणूस स्पीकर लावायला आलाय की जनगणनेला. पण त्यावाचून हे पिशवी उघडत नाहीत. मग मुख्य खुर्चीशी, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, कॅमेऱ्याच्या तिकाटण्यावर आवाज मोजायचं मीटर लावणार. एकेका स्पीकरमधून नुसती खरखर सोडणार आणि मीटरचा काटा पंच्याहत्तरवर येईपर्यंत त्या स्पीकरचा आवाज कमीजास्त करणार. पाची स्पीकर पंच्याहत्तर. पंखा मात्र चालू ठेवून. दुकानातला नवा साहेब म्हणायचा, "पंखा बंद करा, खिडक्या लावा, मोजमाप शुद्ध पाहिजे." हे म्हणायचे, "साहेब, एप्रिलमध्ये पंखा बंद करून पिक्चर कोण बघतं? तुम्ही बघता?" 

आणि शेवटची परीक्षा बोटाची. घरातल्या माणसाला खुर्चीवर बसवायचं, डोळे मिटायला सांगायचे आणि खरखर एका स्पीकरमधून दुसऱ्यात फिरवायची. आवाज जिथून येतो तिकडं त्यानं बोट करायचं. पाचही बोटं बरोबर आली की काम फत्ते. हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं, स्वतःच काढलं होतं.

घरी येऊन एकेक गमती सांगायचे. एका बाईंनी पाचही स्पीकरवर क्रोशाचे रुमाल घातले होते, धूळ बसते म्हणून. वर विचारतात, "आवाज दबका का येतो हो?" एका घरात तर मुख्य खुर्ची कोणाची यावर नवराबायकोत अशी जुंपली की हे मीटर हातात धरून पाऊण तास उभे. शेवटी यांनी मीटर सोफ्याच्या बरोबर मध्ये लावलं. आता दोघांनाही वाटतं की आपल्या बाजूला कमी येतं. संसार टिकला.

हे सगळं आलं कुठून, तर बाबांकडून. बाबा म्हणजे माझे सासरे, बाबुराव. खडकीच्या कारखान्यात गोदामात नोकरी, आणि उरलेल्या वेळेत लाउडस्पीकर. वस्तीतलं लग्न असो, विहारातलं प्रवचन असो, चौदा एप्रिलची मिरवणूक असो, हातगाडीवरचा कर्णा बाबांचा. गर्दी वाढली की आवाज चढवायचा, दवाखान्यासमोरून जाताना उतरवायचा, कर्णा फाटू द्यायचा नाही. त्या काळात मीटर कुठलं आलंय? बाबा कर्ण्याला खेटून चालायचे आणि कानानं ठरवायचे. हे लहानपणी वायरचं भेंडोळं धरून मागं. "बटणावर हात फिरवणारे पुष्कळ असतात रे, कान देणारा पाहिजे," हे बाबांचं वाक्य आमचे हे अजून सांगतात, गिऱ्हाइकालासुद्धा.

बाबा निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं, आणि नव्याण्णव साली आम्ही धायरीत फ्लॅट घेतला. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बाबांनी आपली प्लास्टिकची खुर्ची दाराशी टाकली, भिंतीला पाठ लावून. उजव्या हाताला टीव्ही, डाव्या हाताला माझं स्वयंपाकघर. टीव्हीकडं तोंड करून बसावं तर जाण्यायेण्याची वाट अडते, म्हणून मान अर्धी वळवून टीव्ही बघायचे. साधा माणूस. कशाला नको म्हणायचं नाही, कशाला हवं म्हणायचं नाही.

एकच. टीव्हीचा आवाज.

पहिल्या वर्षी वीसवर असायचा. मग पंचवीस. दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात अडतीसवर गेला. संध्याकाळी सातच्या बातम्या लागल्या की आमच्या घरातली भांडी वाजायची. मी येऊन कमी करायची, मी आत गेले की बाबा हळूच वाढवायचे. मी पुन्हा येणार. माझी पोळी करपणार. हे दुकानातून यायला रात्रीचे नऊ, पोर सुट्टीत आजोळी, त्यामुळं ही लढाई माझी एकटीची.

मग जिन्यात पाटी लागली. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आप्पासाहेब, पेठेतून धायरीत आलेले, पण येताना पेठ बरोबर घेऊन आलेले. पाटीवर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, "दुसऱ्या मजल्यावरील सभासद रोज सायंकाळी सर्वांना बातम्या ऐकवतात, त्याबद्दल आभार. इमारतीतील बहुतेकांनी वर्तमानपत्र बंद केले आहे. कृपया हवामानाचा अंदाज पुन्हा एकदा लावावा, काल शिंकेमुळे ऐकू आला नाही."

माझा असा काही संताप झाला म्हणता! ती पाटी वाचत चार बायका उभ्या, त्यातली एक माझ्या बालवाडीतल्या पोराची आई. मी वर आले. हे त्या दिवशी सुट्टीवर होते. यांना स्वयंपाकघरात ओढलं आणि अगदी दबक्या आवाजात, ओठातल्या ओठात म्हटलं, "बाबांचं हे सगळं सोंग आहे. टीव्ही ऐकू येत नाही, आणि मी इथून भाजीला मीठ कमी पडलं म्हटलं की तिथून 'असू दे' म्हणतात. मग हे कसं ऐकू येतं?"

आणि बाहेरून, खुर्चीवरून, बाबांचा आवाज आला.

"सोंग नाही गं पोरी."

बघा म्हणजे! कुजबुजलेलंसुद्धा ऐकू आलं. मी यांच्याकडं पुराव्यासारखं बघितलं. माझंच खरं झालं होतं, पण तोंड मात्र कडू पडलं. बाहेर गेले तर टीव्ही बंद. बाबांनी रिमोट त्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून टीव्हीवर नीट ठेवला होता. त्या दिवसापासून बाबांनी टीव्ही लावला नाही. सातच्या बातम्यांना नुसते बसून राहायचे. चौथ्या दिवशी माझ्या नणंदेचा, नम्रताचा, फोन आला. ती खडकीलाच असते, तिचे यजमानही कारखान्यात. म्हणाली, "वहिनी, बाबा म्हणतायत, मला घेऊन जा. मी रविवारी दुपारी येते." भांडली नाही, टोमणा मारला नाही. त्याचंच जास्त लागलं.

बाबांनी पलंगाखालची पत्र्याची ट्रंक काढली. त्यात दोन धोतरं, सासूबाईंचा फोटो आणि लाउडस्पीकरचा जुना माईक, पंच्यात गुंडाळलेला. तो माईक बघून हे ट्रंकेपाशीच बसले. "बाबा, कशाला पण?"

"तिथं सगळेच मोठ्यानं बोलतात," बाबा म्हणाले. "तिथं माझं खपून जाईल."

रात्री हे माझ्याकडं पाठ करून झोपले. कमी बोलणारा माणूस अजून कमी बोलायला लागला की घरात राहवत नाही हो. मला काय बाबांना घालवायचं होतं? या माणसानं माझ्या बाळंतपणात, सासूबाई आजारी असताना, स्वतः डिंकाचे लाडू वळले होते. वाकडेतिकडे, पण वळले होते. मी आवाजावर बोलले होते, माणसावर नाही. पण बोललेलं परत तोंडात घालता येत नाही.

शनिवारी हे दुपारीच रिक्षातून आले ते पाच स्पीकर घेऊन. कोथरूडच्या कोणा अनिरुद्ध नावाच्या गिऱ्हाइकानं नवा सेट घेतला आणि जुना यांना देऊन टाकला होता. मला म्हणाले, "बाबांच्या खुर्चीशीच दोन स्पीकर लावतो. कानाजवळ आवाज आला की टीव्ही वाढवायला नको. खाली आप्पासाहेबांना काही जाणार नाही. उद्या दुपारपर्यंत मला एवढं करू दे." मग बाबांकडं वळून म्हणाले, "बाबा, एक दिवस द्या मला."

बाबा म्हणाले, "दिला."

आख्ख्या पुण्याच्या घराघरांत जाऊन मोजणारा माणूस स्वतःच्या घरात पहिल्यांदा मीटर लावत होता. सोनाराच्या बायकोचे कान बुच्चे म्हणतात, ते काही खोटं नाही. खिळे ठोकले, वायरी ओढल्या, पंखा चालू ठेवला. बाबांच्या खुर्चीशी तिकाटणं लावलं, कानाच्या उंचीवर मीटर, आणि खरखर सुरू. एकेक स्पीकर पंच्याहत्तर. बाबा बाजूला उभे राहून काट्याकडं बघत होते. "आम्ही हे नुसत्या कानानं करायचो," म्हणाले. किती दिवसांनी आपणहून काही बोलले. मी आतून ऐकलं आणि चहाचं आधण वाढवलं.

सगळं झालं. बाबांना खुर्चीवर बसवलं. टीव्ही लावला, बातम्या सुरू. हे बाबांच्या तोंडाकडं बघतायत. बाबा म्हणाले, "छान आहे," आणि मला कळलं की काही कळत नाहीये. ते 'छान' आमच्याकडं मीठ नसलेल्या भाजीला मिळतं.

"बरं," हे म्हणाले, "बोटाची परीक्षा घेऊ. डोळे मिटा बाबा. आवाज येईल तिकडं बोट करा."

बाबांनी डोळे मिटले. यांनी टीव्हीच्या डाव्या स्पीकरमधून खरखर सोडली. बाबांनी बोट केलं ते स्वयंपाकघराकडं. सरळ माझ्याकडं. मी दारात उभी, हातात गाळणं.

मधला स्पीकर. बोट स्वयंपाकघराकडं.

उजवा. स्वयंपाकघर.

मला हसूच आलं. म्हटलं, "अहो बाबा, सगळा गोंगाट माझाच का?" यांनी माझ्याकडं हात केला, गप्प म्हणून. मग बाबांच्या अगदी उजव्या कानापाशी, हातभर अंतरावर लावलेल्या स्पीकरमधून खरखर सोडली. ती मला आतपर्यंत ऐकू येत होती. बाबांनी थोडा विचार केला आणि पुन्हा माझ्याकडं बोट दाखवलं.

यांनी खरखर बंद केली. पुढं झाले आणि बाबांचा डावा कान तळहातानं गच्च झाकला. उजव्या कानाशी चुटकी वाजवली. एकदा. मग दोनदा. मग टाळी. बाबा डोळे मिटून, बोट तयार ठेवून, वाट बघत होते.

यांनी हात काढला तेव्हा बाबांनी विचारलं, "सुरू केलंस का?"

मी गाळणं ओट्यावर ठेवून बाहेर आले. हे बाबांच्या पुढ्यात उकिडवे बसले. "बाबा, उजवा कान कधीपासून गेलाय?"

"झाली की पंधरा-सोळा वर्षं. कर्णा त्याच बाजूला असायचा ना माझ्या."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगायचं काय त्यात? दुसरा होता की." मग जरा थांबून म्हणाले, "आता तोही थकलाय थोडा. म्हणून आवाज वाढवावा लागतो."

उजवा कान टीव्हीकडं. मेलेला. डावा कान स्वयंपाकघराकडं. जिता. सहा वर्षं! म्हणून भाजीचं मीठ ऐकू यायचं आणि बातम्या ऐकू यायच्या नाहीत. म्हणून माझी कुजबुजसुद्धा बरोबर पोचली. अहो, काय सोंग आणि काय! हे तर रडायलाच लागले. तीनशे घरांत विचारलं असेल यांनी, कोण कुठं बसतं, आणि बापाला विचारलं नाही. मला काय रडायला वेळ नव्हता, मला राग आला होता, आणि राग नेमका कोणावर काढायचा ते कळत नव्हतं, तेव्हा मी तो बाबांवरच काढला. म्हटलं, "अहो मग पलीकडच्या कोपऱ्यात बसायचं होतं! तिथून टीव्ही डाव्या हाताला आला असता. इतकी साधी गोष्ट! कोणी धरलं होतं का तुम्हाला?"

बाबांनी त्या कोपऱ्याकडं बघितलं.

"पहिल्या दिवशी तिथंच टाकली होती मी खुर्ची," ते म्हणाले. "तू म्हणालीस, बाबा, इथं शोकेस येणार आहे."

म्हणाले होते मी. शब्द न शब्द आठवला. बालवाडीच्या पहिल्या भिशीतून करून घेतलेलं ते शोकेस, काचेच्या सरकत्या दारांचं. आत सहा कप, जे कधी कोणाला दिले नाहीत, एक बाहुली, आणि यांना दुकानातून मिळालेली ट्रॉफी. बाबांनी तेव्हा "बरं" म्हटलं, खुर्ची उचलली आणि दाराशी नेऊन ठेवली. तिथं सहा वर्षं बसले आणि माझं ऐकत राहिले.

मी काही बोलले नाही. माझ्या आयुष्यात असे प्रसंग कमी. पदर खोचला आणि शोकेसची काच सरकवली. कप काढले, बाहुली काढली, ट्रॉफी यांच्या हातात दिली. बाबा "अगं, अगं, राहू दे" म्हणत उठले, त्यांना म्हटलं, "तुम्ही बसा. तुम्ही फार उठलात." तिघांनी मिळून ते धूड आतल्या खोलीत सरकवलं, फरशीवर चरा पडला तो अजून आहे. खुर्ची त्या कोपऱ्यात आली. यांनी डोळे पुसले, वायरी पुन्हा ओढल्या आणि मीटर बाबांच्या डाव्या कानाशी धरलं. उजवीकडचा स्पीकर काढूनच टाकला, त्याचा उपयोग कोणाला? सगळा हिशेब एका कानाचा. आम्ही दोघं पलंगावर बसलो की आम्हाला आवाज एका अंगाला कललेला लागतो. यांच्या दुकानातला साहेब आला तर हसेल. हसू दे.

संध्याकाळी सातला बातम्या लागल्या. आकडा चौदा. बाबा ऐकत होते. आधी मला खात्री वाटेना, मग निवेदिका काहीतरी बोलली आणि बाबा पुटपुटले, "थापा मारतायत." तेव्हा मी पोळ्या लाटायला गेले.

रविवारी दुपारी नम्रता आली. ट्रंक दाराशीच होती. बाबांनी तिला नवीन खुर्चीत बसूनच सांगितलं, "आलीस तर जेवून जा. मी काही येत नाही. मॅच आहे." ती माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "वरण वाढू का?" पुढं कानाच्या डॉक्टरांकडंही नेलं. उजवा गेला तो गेला म्हणाले, डाव्याला जपा. आप्पासाहेबांनी जिन्यातली पाटी काढली आणि तिथं नवीन लावली, "बातम्या बंद झाल्याने वर्तमानपत्र पुन्हा सुरू करावे लागले आहे. सभासदांनी नोंद घ्यावी."

पण खरी गंमत सोमवारी सकाळीच झाली होती. मी चहा केला आणि नेहमीसारखी ओट्यावरूनच ओरडले, "बाबा, चहा!" उत्तर नाही. पुन्हा ओरडले, अगदी चाळीस पोरांचा आवाज लावून. खालच्या मजल्यावर कोणीतरी दार उघडलं, पण बाबा हलले नाहीत. पेपर वाचत होते, शांत. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नव्या कोपऱ्यात टीव्ही डावीकडं आला होता, आणि माझं स्वयंपाकघर उजवीकडं गेलं होतं. मेलेल्या कानाकडं.

मी कप हातात घेऊन तशीच उभी राहिले. त्या माणसाचा एकुलता एक चालू कान सहा वर्षं माझ्याकडं होता, आणि मी त्यात काय काय ओतलं होतं, ते एकेक आठवायला लागलं. मीठ, पोळ्या, रिमोट, सोंग. एकही शब्द खाली सांडला नसणार. मला मेलीला काय माहीत?

मग मी बाहेर गेले. बाबांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले, वाकले, आणि जितकं हळू बोलता येतं तितकं हळू म्हटलं, "बाबा, चहा घ्या."

बाबांनी पेपर खाली केला, कप घेतला.

"ओरडतेस काय गं?" म्हणाले. "ऐकू येतं मला."